सात, मोकळी जागा, पाच

शिरोलीच्या फाउंड्रीत, ऑफिसच्या पत्र्याखाली,
रात्री साडेनऊला मी पुन्हा दार वाजवते.
होस्ट, युजर, पासवर्ड, डेटाबेसचं नाव.
पाहुण्याला वेशीवर विचारावं तसं सगळं:
कुणाकडचे, कुठल्या गावचे, कुणाच्या ओळखीनं आलात.
आतून उत्तर येतं, प्रवेश नाही.

पासवर्डमधला एक के.
मालकांनी फोनवर सांगताना
तो मोठा आहे हे सांगितलंच नव्हतं.

मग जोडलं गेलं.
जोडलं गेल्यावर काहीच दिसत नाही,
चूक दाखवत नाही एवढीच खूण.
पान पांढरं, कर्सर लुकलुकता,
आणि भिंतीपलीकडे भट्टीचा ब्लोअर घोंगावत.

आदगोंडा मगदूम, हजेरी कारकून,
रजिस्टर बगलेत धरून शेजारी बसलेत.
एकतीस वर्षांचे सांचेवाले, कोअरवाले, घासकामवाले
त्यांच्या निळ्या शाईत.
आल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं,
"सांचा किती बी झ्याक असू दे, पोरी,
रस आत जायला वाट ठेवली न्हाईस
तर वरच थिजतोय."
स्क्रिप्ट म्हणजे तीच वाट, मी म्हटलं.
मामांनी मान हलवली,
पटल्यासारखी नव्हे, ऐकल्यासारखी.

आठवडाभर दोनशे बारा नावं आत ओतली.
आज पहिल्यांदा बाहेर मागितली.

तिकीट नंबर आले. तारखा आल्या.
खाडे आले, एकही न चुकता.
नावांच्या रकान्यात

??????? ???????
???? ?????
???????? ????

मामा कपाळावरचा चष्मा खाली ओढतात.
"ह्ये कुणाला इचारतंय गं?
आमी कोण म्हणून?"

टेबल बांधताना त्याला लिपी सांगायची राहिली होती.
त्याला साता समुद्रापलीकडची अक्षरं तेवढी ठाऊक.
जे वाचता येईना तिथं त्यानं खूण ठेवली
आणि मूळ टाकून दिलं.
कुरकुरलंही असेल.
कुरकुर लपवायची ओळ माझीच, वरून तिसरी.

लिपी बदलायला एक ओळ पुरते.
गेलेलं परत आणायची ओळ
अजून कुणी लिहिलेली नाही.

"बरं," मामा म्हणाले, "घे लिवून."
रजिस्टर बगलेतच.
इस्माईल शिकलगार, कोअर शॉप, डाव्या हाताला चार बोटं.
दौलू सुतार, पॅटर्न, सागवान हुंगून रान सांगायचा.
हिंदुराव चेचर, भट्टी, नुसत्या रंगावरनं
रस ओतायजोगा झाला का ते वळखायचा,
घरी मातर चहा कायम करपवायचा.

बोटांचा, सागवानाचा, करपलेल्या चहाचा रकाना
माझ्या टेबलात नव्हता.
एक वाढवला. शेरा.
रिकामा चालेल.

दर नावाला दार उघडतं, नाव आत जातं, दार मिटतं.
पुढच्या नावाला परत तेच,
होस्ट, युजर, पासवर्ड, मोठा के.
स्क्रिप्टला मघाची भेट आठवत नाही.
मामांना सगळ्या आठवतात,
म्हणून तर साडेअकरा झाले.

मोपेडला तीन किका मारून
ते पुलाच्या शिरोलीकडं गेले.
मी एकदा शेवटचं तपासते.
दोनशे अकरा नावं, नावांसारखी.
आणि एक ओळ अजून तशीच,

??????? ?????

सात, मोकळी जागा, पाच.
बोटांवर मोजते:
आ, द, ग, ओकार, अनुस्वार, ड, काना.
आम्ही चार अक्षरांत हाक मारतो,
मशीन सात धरतं.
खातं हजेरी. तिकीट नंबर चौदा.
खाडे शून्य.

मोठा के.
नाव टाइप करते
आणि शेऱ्यापाशी थांबते.
रिकामा चालेल,
असं मीच मघाशी लिहून ठेवलंय.